ऑक्झिलरी लाइट पुन्हा पुन्हा मिणमिणतात, फ्यूज उडतो: पार्ट बदलण्याआधी मोजून पाहा

सह्याद्रीत पावसाळी वाटांवर चालणाऱ्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. थार असो, जिम्नी असो, गुरखा असो की जुनी एमएम ५४०, बंपरवर किंवा छतावर बाहेरून लावलेले लाइट काही महिने झकास चालतात आणि मग कुरबुर सुरू होते. कधी एकच लाइट मंद पेटतो, कधी खडकावरून गाडी आपटली की दोन्ही विझतात, कधी ओढा ओलांडला की फ्यूज गेलेला असतो. गॅरेजात आधी फ्यूज बदलतात, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), शेवटी लाइटच. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

याचं कारण असं की जळालेला पार्ट बदलला जातो, पण त्याला जाळणारी जागा तशीच राहते. ती जागा बहुतेक वेळा वायरीत, जोडात किंवा अर्थिंगमध्ये असते. डोळ्यांना ती दिसत नाही आणि मल्टिमीटरच्या बीप आवाजानेही सापडत नाही. वायरीच्या चाळीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर बीप वाजवतो, कारण तेव्हा त्या तारेतून काही मिलिअँपियरच जात असतात. लाइट पेटला की तिथूनच ९ अँपियर जायला हवेत, आणि नेमके तेव्हाच ते जात नाहीत. म्हणून तपासणी लाइट पेटलेला असतानाच करायची.

लागणारं सामान

डिजिटल मल्टिमीटर, शक्यतो डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, मीटरची पिन लांबवण्यासाठी दोन्ही टोकांना मगरचिमटे लावलेली पाच मीटर वायर, आणि ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, त्याच्या होल्डरला दोन वायरी जोडून. हा बल्ब पुढे बरेच फ्यूज वाचवतो. स्टीअरिंगखाली किंवा सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट) दिसले तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना मीटरही लावू नका.

लाइट मंद किंवा मिणमिणता: चार आकडे घ्या

इंजिन सुरू ठेवा, आयडलपेक्षा थोडा जास्त वेग द्या, लाइट पेटवा. मीटर डीसी व्होल्टवर.

पहिला आकडा बॅटरीच्या दोन खांबांवर. थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणावर) नाही, थेट शिशाच्या खांबावर पिन टेकवायची. समजा १४.० आला. दुसरा आकडा लाइटच्या कपलरपाशी, प्लस आणि मायनसमध्ये. समजा १२.६ आला. म्हणजे वाटेत १.४ व्होल्ट गेले. आता ते जाताना गेले की परतताना, हे पाहायचं. लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर आणि काळी लाइटच्या प्लसवर ठेवून मिळतो तो तिसरा आकडा, जाण्याच्या वाटेवरची घट. मग काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर आणि लाल लाइटच्या मायनसवर ठेवली की चौथा, म्हणजे अर्थची घट. तिसऱ्या आणि चौथ्याची बेरीज १.४ च्या जवळपास यायला हवी. येत नसेल तर पिन कुठेतरी रंगावर किंवा गंजावर टेकली आहे.

एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत आणि त्यातली अर्थची घट ०.१ च्या आसपास असली, तर वायरिंग ठीक आहे आणि दोष लाइटमध्ये शोधायचा. त्याहून जास्त असेल तर जास्त घटीच्या बाजूचा एकेक तुकडा मोजत जा. खांब ते थिंबल, फ्यूजच्या दोन बाजू, रिलेच्या ३० (सप्लाय येणारी) आणि ८७ (लाइटकडे जाणारी) या पिना, मग प्रत्येक कपलरच्या दोन बाजू. चांगला जोड शंभरी भागात, म्हणजे ०.०२ ते ०.०५ व्होल्ट, खातो. एखादा जोड एकटाच ०.५ किंवा ०.९ खाताना दिसला की गुन्हेगार सापडला. ९ अँपियरवर ०.९ व्होल्ट घट म्हणजे त्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम. साधा मीटर ओहमवर ठेवला तर त्याच्या स्वतःच्या पिनाच ०.२–०.३ ओहम दाखवतात, त्यामुळे हा दोष ओहममध्ये कधीच दिसणार नाही. पण तोच जोड ८ वॅट उष्णता एका लहानशा प्लास्टिकच्या कपलरात सोडत असतो. कपलर पिवळा पडतो, मऊ होतो, वितळतो, तो असा.

पिन टेकवण्यासाठी वायरीच्या आवरणाला सुई टोचू नका. त्याच भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं आणि महिन्याभरात आतली तार हिरवी पडते. टोचावंच लागलं तर लगेच लिक्विड टेपने भोक बुजवा.

हॅलोजन आणि एलईडी यांचं वागणं इथे वेगळं असतं. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो, त्यामुळे दोष लगेच कळतो. ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असलेला एलईडी मात्र व्होल्टेज कमी पडलं की जास्त करंट ओढून प्रकाश तेवढाच ठेवतो. जास्त करंट, म्हणून जोडावर आणखी घट, म्हणून आणखी करंट, असं चालत राहतं आणि शेवटी ड्रायव्हरच्या किमान व्होल्टेजखाली जाऊन लाइट लुकलुकायला लागतो. म्हणूनच एलईडी काल ठणठणीत आणि आज अचानक बंद असं वाटतं. वायरिंग मात्र कित्येक आठवडे बिघडत आलेलं असतं.

एक गोष्ट दोष समजू नका. बीएस ६ च्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर स्मार्ट असतो. बॅटरी भरली की तो १४ वरून १२.६ च्या आसपास उतरतो आणि ब्रेक मारताना पुन्हा चढतो. हॅलोजनचा प्रकाश त्याबरोबर हलका कमीजास्त होणारच.

अर्थिंग: निम्मे दोष इथेच

अर्थची घट ०.१ च्या बरीच वर असेल तर वायर बदलण्याआधी बोल्ट उघडा. पावडर कोटिंगवर घट्ट आवळलेला बोल्ट म्हणजे अर्थ नव्हे, तिथे करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात असतो. आट्या गंजल्या की अर्थ गेला. बंपर गार्ड, रबरी बुशवर बसवलेला ब्रॅकेट, बॉनेटचं बिजागर, प्लास्टिकला धरलेली पत्र्याची पट्टी, यांपैकी कशावरही अर्थ घेऊ नका.

जागा चासीवर किंवा बॉडीला कंपनीने दिलेल्या अर्थ बोल्टवर निवडा. थिंबलपेक्षा थोडा मोठा गोल भाग रंग काढून पांढऱ्या धातूपर्यंत घासा. एम ६ किंवा एम ८ बोल्ट, दातेरी वॉशर, थिंबल पत्र्याला चिकटून, वर साधा वॉशर आणि नायलॉक नट. आवळून झाल्यावर, आधी नाही, वरून झिंक प्रायमर किंवा ग्रीसचा जाड थर. एका बोल्टवर तीनपेक्षा जास्त थिंबल रचू नका. किनाऱ्यावर फिरणाऱ्या, काशीद किंवा हर्णैच्या वाळूत उतरणाऱ्या गाडीचे हे बोल्ट पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहायलाच हवेत. खाऱ्या हवेत चांगला केलेला अर्थही सुटतो.

मायनस वायर सरळ बॅटरीच्या खांबावर न्यायची सवय जुन्या गाड्यांत चालून जायची. आता ज्या गाड्यांच्या मायनस खांबावर बॅटरी सेन्सरची चपटी डबी असते, तिथे ती वायर खांबावर जोडली तर सेन्सरला तो करंट दिसतच नाही. गाडीचा बॅटरीच्या चार्जचा हिशेब चुकतो, स्टार्ट-स्टॉप नीट चालत नाही आणि बॅटरी अर्धवट चार्ज राहते. अशा गाडीत अर्थ सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या बाजूला घ्या.

वायर बारीक आहे का?

लाइटबरोबर मिळणाऱ्या स्वस्त हार्नेसमध्ये (वायरींच्या तयार संचात) जाड आवरणाच्या आत बारीक तार असते, आणि ती बऱ्याचदा तांब्याचीही नसते. एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्याचा रोध दीडपट असतो, आणि गाडीच्या थरथरीत ते क्रिंपच्या (पक्कडीने दाबून केलेल्या जोडाच्या) तोंडाशी तुटतं. असा हार्नेस दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, टाकून द्या.

खऱ्या तांब्याचा हिशेब सोपा आहे. लवचिक वायरीचा रोध दर मीटरला साधारण असा: १ चौ. मिमीला १९.५ मिलिओहम, दीडला १३.३, अडीचला ८, चारला ५. छतावरचा १२० वॅटचा लाइट बार म्हणजे ९ अँपियर. चार मीटर जाणं, चार मीटर परत येणं, एकूण आठ मीटर. १ च्या वायरीत १.४ व्होल्ट जातात, दीडमध्ये ०.९६, अडीचमध्ये ०.५८, चारमध्ये ०.३६. म्हणजे छतासाठी चारची वायर घ्यावी. बंपरवरच्या दोन लाइटना अंतर कमी असल्यामुळे अडीचची पुरते. रिलेच्या कॉइलला ०.७५ ची भरपूर झाली, कारण ती जेमतेम ०.१५ अँपियर ओढते.

डब्यावर छापलेल्या वॅटवर विसंबू नका. स्वस्त बारवर १८० वॅट लिहिलेलं असतं आणि क्लॅम्प मीटर ४ अँपियर दाखवतो. फ्यूज आणि वायर मोजलेल्या करंटवर ठरवा.

फ्यूज उडतो: कधी आणि कसा, ते आधी पाहा

उडालेला फ्यूज फेकू नका, उजेडात धरून पाहा. आतली पट्टी उडून प्लास्टिक काळं झालं असेल तर सरळ शॉर्ट आहे. पट्टी मधोमध शांतपणे वितळली असेल तर करंट फ्यूजच्या मानापेक्षा हळूहळू जास्त होत होता. पट्टी शाबूत, पण पायाजवळचं प्लास्टिक वितळलेलं, असं असेल तर दोष फ्यूज होल्डरच्या ढिल्या पकडीत आहे आणि होल्डरच बदलायला हवा.

दुसरा प्रकार बऱ्याचदा चुकीच्या निवडीमुळे होतो. ९ अँपियरच्या लाइटला १० चा लाल फ्यूज लावला की बॉनेटखालच्या उष्णतेत तो काही वेळाने जातो. कायम चालणारा करंट फ्यूजच्या ७५ टक्क्यांपर्यंत असावा, म्हणजे इथे १५ चा निळा. मात्र १५ चा निळाही वारंवार जातो म्हणून ३० चा हिरवा घालणं हे आगीला आमंत्रण आहे. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. १ चौ. मिमीच्या वायरीवर ३० चा फ्यूज असेल तर शॉर्ट झाल्यावर आधी वायरच पेटते. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. रिलेजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा पूर्ण उघडा राहतो.

शॉर्ट शोधण्यासाठी फ्यूज काढा, लाइटचे कपलर सोडवा आणि फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा. लाइटचा स्विच चालू करा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण करंट १.७५ अँपियरच्या वर जाणार नाही, त्यामुळे काही जळणार नाही. आता हार्नेस वीतवीत हलवत चला: ग्रिलच्या मागची कड, रेडिएटरचा ब्रॅकेट, बॉनेटच्या बिजागराजवळचं वळण, फायरवॉलचं भोक, ए पिलरची कड. बल्ब जिथे लुकलुकला तिथे आवरण घासलं गेलेलं आहे. हार्नेस हलवूनही बल्ब पेटत नसेल, पण लाइट जोडले की फ्यूज जातो, तर एकेक लाइट वेगळा जोडा. पाणी शिरलेला लाइट असा सापडतो.

लाइट लावल्यावर गाडीचाच हेडलाइटचा फ्यूज जात असेल तर रिले बघा. ज्या रिलेत डायोड बसवलेला असतो त्याच्या कॉइलच्या ८५ आणि ८६ या पिना अदलाबदल करून चालत नाहीत. ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थ. उलटं जोडलं की डायोड सरळ शॉर्ट करतो.

पाणी कुठून येतं

महिंद्रा थारसाठी ६५० मिमी पाण्याची खोली सांगते. त्या खोलीत गाडी पुढे सरकली की बंपरवर येणारी लाट त्याहून वर चढते, आणि बाहेरून लावलेले कपलर नेमके तिथेच असतात. लाइट पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं बंद करा. तापलेला लाइट थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतून पाणी आत ओढलं जातं. लाइटवर लिहिलेल्या आयपी ६७ (पाणी-धूळ रोखण्याचं मानक) ची खात्री एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्ध्या तासाची असते. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाइपची ती खात्री नव्हे. चिखल धुताना तो पाइप कपलरवर धरला जातो आणि ओढ्यात न शिरलेलं पाणी तिथे शिरतं.

पाणी वायरीच्या आतूनही प्रवास करतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बारीक तारांच्या मधल्या फटींतून ते चढत जातं आणि लाइटपाशी शिरलेलं पाणी दोन मीटर लांब रिलेच्या सॉकेटात हिरवा थर बनून निघतं. म्हणून हिरवी पडलेली वायर फक्त टोकाला कापून नवं थिंबल लावू नका. लख्ख तांबं दिसेपर्यंत कापत जा. दिसलंच नाही, तर पूर्ण वायर बदला.

जोड करण्याची पद्धत अशी: रॅचेट पक्कडीने क्रिंप, त्यावर आतून गोंद असलेली ३:१ हीट श्रिंक नळी, दोन्ही टोकांना गोंद बाहेर येईपर्यंत तापवलेली. इन्सुलेशन टेप बॉनेटखाली वितळून सुटते आणि पाणी आत अडवून ठेवते. चिमटा मारून जोडायचे टॅप कनेक्टर तारा कापतात, ते या कामात नकोत. नुसता सोल्डरचा जोडही नको. सोल्डर तारांत शिरून वायर जिथे ताठ होते, थरथरीत ती तिथेच तुटते.

सील असलेल्या कपलरमध्ये वायरीची जाडी आणि सीलचं भोक जुळायला हवं. डॉइच कंपनीच्या डीटी कपलरची पिन १३ अँपियरची आणि साधारण २ चौ. मिमीपर्यंतच्या वायरीची. त्यात अडीचची वायर कोंबू नका. अडीच-चारला त्यांचाच मोठा डीटीपी कपलर घ्या, तो २५ अँपियर सोसतो. रिकाम्या पिनेचं भोक असेल तर तिथे प्लग हवाच. कपलरचं तोंड खाली, आणि वायर कपलरात शिरण्याआधी खाली लोंबता वळसा, म्हणजे थेंब वळशावरून गळून जातो. सिलिकॉन भरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं वापरू नका. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागून घ्या.

रिलेच्या दोषाचे तीन प्रकार

टकटक वाजतो पण लाइट लागत नाही: ३० वर पूर्ण व्होल्टेज आहे का पाहा, मग ८७ वर. ३० ते ८७ मधली घट लाइट चालू असताना ०.२ च्या वर असेल तर आतले पॉइंट जळालेत किंवा सॉकेटातली पितळी पकड पसरली आहे. पकड सुईने आत दाबली की बऱ्याचदा काम होतं.

सतत थरथरतो: हाय बीमच्या वायरीवरून ट्रिगर (रिले चालू करणारा सप्लाय) घेतला असेल आणि गाडी त्या वायरीत करंट तुकड्यातुकड्यांनी सोडत असेल, तर साधा रिले तिथे चालणार नाही. ट्रिगर इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजमधून, वेगळ्या स्विचमार्गे घ्या. काही जुन्या जपानी गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणून ट्रिगर जोडण्याआधी हाय बीम चालू-बंद करून त्या वायरीवर नेमकं काय बदलतं ते मोजा.

स्विच बंद केला तरी लाइट चालूच: पॉइंट चिकटले. रिले नवा घाला आणि करंट मोजा, कारण लहान रिलेवर जास्त लोड दिला की हेच होतं. रिले नेहमी पाय खाली करून बसवा.

सकाळी बॅटरी उतरलेली

गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, सगळी यंत्रणा झोपू द्या, मग मायनस केबलवर क्लॅम्प लावा. ५० मिलिअँपियरच्या आत ठीक. ३०० दिसले तर दिवसाला ७.२ अँपियर-तास जातात, आणि ४५ अँपियर-तासांच्या बॅटरीतलं जवळजवळ अर्धं तीन दिवसांत संपतं. मग एकेक ॲक्सेसरीचा फ्यूज काढत जा. कायम सप्लायवर जोडलेला डॅशकॅम आणि यूएसबी सॉकेट हे पहिले संशयित. मीटर सिरीजमध्ये लावला असेल तर दरवाजा उघडू नका, स्टार्टर तर मुळीच नाही. मीटरचा फ्यूज जाईल.

बसवताना

ब्रॅकेट किमान ३ मिमी पत्र्याचा, एम ८ बोल्ट, नायलॉक नट. लाइट इंटरकूलरच्या किंवा रेडिएटरच्या हवेच्या वाटेत नको, आणि बंपरमागच्या एअरबॅग सेन्सरजवळ भोक पाडायचं नाही. वायर पन्हाळीदार पाइपमधून, दर २०–२५ सेंटिमीटरवर टायने बांधलेली, सायलेन्सर, टर्बो आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून लांब. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, अपवाद नाही. सार्वजनिक रस्त्यावर बार पेटवायचा नाही. समोरच्याचे डोळे दिपतात आणि अपघात होतो.

दुरुस्ती झाली की लगेच गाडी देऊ नका. लाइट, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर मिळून वीस मिनिटं चालू ठेवा. मग प्रत्येक कपलर, फ्यूज होल्डर आणि रिले हाताने चाचपा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो पुन्हा उघडायचा. त्यानंतर लाइट बंद करून थंड होऊ द्या, साध्या पाइपने कपलरवर पाणी मारा आणि चारही आकडे पुन्हा घ्या. ते मार्करने फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी अर्थची घट ०.०८ वरून ०.२५ झालेली दिसली, तर लाइट मंद होण्याआधीच कुठला बोल्ट उघडायचा ते कळेल.